शहाण्णवशेच्या वेगाने

शहाण्णवशे हा आकडा कुठेही दिसला की अजूनही माझं डोकं फिरतं. विजेची मोजयंत्रं तपासण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे दरवर्षी नवी मुलंमुली येतात. हातात तोच विड्यांच्या पाकिटाएवढा निळा बोर्ड, शौकीन लोक खेळायला घेतात तो. ती तो संगणकाला जोडतात, आणि बोर्डाने संगणकाशी किती वेगाने बोलायचं तो आकडा शहाण्णवशेवर तसाच ठेवून देतात, कारण नमुन्याच्या प्रोग्रॅममध्ये तो तसाच लिहिलेला असतो. मी ओरडते. चारचौघांत ओरडते. त्यांना वाटतं मॅडमला कामाची घाई आहे. घाई नाही, राग आहे, आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्यावर नाहीच. तो एका अठरा वर्षांच्या पोरीवर आहे, जिने एकदा हाच आकडा असाच ठेवून दिला आणि त्या जोरावर स्वतःच्या मायला खोटं पाडलं. ती पोरगी मी. चाळिशीला टेकल्यावर आठवणी कसल्या लिहितेस, असं धाकटी बहीण म्हणते. म्हणो. ही गोष्ट मला म्हातारपणापर्यंत पोटात ठेवायची नाही.

आमचं घर शेतातच होतं, कामरगावपासून सायकलने पाऊण तासावर. जमीन थोडी, पण बोअरला पाणी होतं, आणि पाणी आहे तिथे भाजीपाला असं आमच्या आजोबांपासूनचं गणित. मेथी, पालक, सांबार बारा महिने. वांगी, भेदरं, मिरच्या हंगामाप्रमाणे. भेदरं म्हणजे टोमॅटो, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याला पहिल्यांदा आले तेव्हा भाजीवाल्याकडे सांबार मागितलं तर त्याने मला हॉटेलचा रस्ता दाखवला होता, तोही राग मी अजून सोडलेला नाही. बाबा सकाळी सकाळी गाठोडी जीपच्या टपावर टाकून बाजाराला निघायचे, कधी कामरगाव, कधी शेलूबाजार. मागे शेत मायचं. ती बोअरजवळच्या निंबाखाली पोतं अंथरून बसायची, एका बाजूला ओल्या फडक्याखाली मेथीचा ढीग, दुसऱ्या बाजूला भिजवलेली सुतळी, आणि समोर निंबाच्याच खोडाला ठोकलेली लोखंडी पेटी. पेटीत मोटरचा स्टार्टर. पेटीला कुलूप. कुलपाची चाबी मायच्या कमरेच्या छल्ल्यात. ती चालायची तेव्हा तो छल्ला वाजायचा, आणि आम्ही दोघी बहिणी पोरी होतो तेव्हा माय कुठल्या वाफ्यात आहे ते त्या आवाजावरून ओळखायचो.

शेतीची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असायची. दिवसाच्या आठवड्यात साधारण नऊच्या सुमारास ती यायची. साधारण म्हणजे साडेआठ ते साडेदहाच्या मधे कधीही. पेटीवरचा लाल दिवा लागला की माय लगेच उठत नसे. ती हातातली जुडी बांधायची, मग आणखी एक, अशा मोजून पाच जुड्या. मग फडकं झटकून उठायची, पेटी उघडायची, हिरवं बटन दाबायची आणि डावा हात बोअरच्या पाइपावर ठेवायची. हात ठेवून उभी राहायची. पाइपात आधी खोकल्यासारखं व्हायचं, मग गुरगुर, आणि मग हौदात पाणी धबाधबा पडायचं. त्या पाण्यात हात धुऊन आम्ही भाकरी खायचो. ज्वारीची भाकर, कालच्या वांग्याच्या भाजीचा खरवडलेला तळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाफ्यातून तशीच उपटलेली कांद्याची पात. मायला कोणी विचारलं की पाच जुड्या कशासाठी, तर ती म्हणायची, “घाई करनाऱ्याले करू द्या. त्याईचं झालं का मंग आपलं.” तिला यापेक्षा जास्त समजावता येत नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

मग शिवारात ऑटो आला. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची एक लहानशी डबी. लाइन आली की ती मोटर आपोआप चालू करते, माणसाने शेतात यायलाच नको. रात्रीच्या लाइनीत अंधारात काट्याकुट्यांतून जाणाऱ्याला ती देवासारखी वाटली तर नवल नाही, मी त्याला नावं ठेवत नाही. पण वर्षभरात आमच्या डीपीवरच्या, म्हणजे एकाच रोहित्रावरच्या, चौदाच्या चौदा मोटरींना ऑटो लागले, आमचा शेवटचा. बाबांना मायच्या पाच जुड्यांचा भारी राग होता. “लाइन आठ घंटे. त्यातले दोन मिनिटं तू बसल्या बसल्या घालवतं. रोजचे दोन मिनिटं!” असं म्हणून त्यांनी वायरमनकडून ऑटो बसवून घेतला. स्टार्टरमधला रिले सारखा पडून मोटर बंद करायचा म्हणून वायरमनने तो तांब्याच्या तारेने बांधूनही टाकला. मोटर वाचवायलाच तो रिले पडतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे सगळे तसंच करायचे.

त्या हंगामात आमची मोटर दोनदा जळली.

दुसऱ्यांदा कारंजाहून वाइंडिंगचा मिस्त्री आला. साखळी लावून दोन-अडीचशे फुटांवरून मोटर वर काढली, उघडली, जळक्या वार्निशचा तो वास साऱ्या शेतात पसरला. मिस्त्री म्हणाला, “आतून कोळसा झाला पाहा. व्होल्टेज कमी येत आसन, नाई तं कोनी बटनासंग खेळलं आसन. आता येक डाव नवी तार भरून देतो. तिसऱ्यांदा जळली तं भरता येनार नाई, भंगार समजा.” बाबांनी त्यातलं बटनाचं तेवढं उचललं. पेटी कोण उघडतं? माय. ऑटो बंद करून हाताने बटन कोण दाबतं? माय, कारण तिने दोन-तीनदा तसं केलेलं बाबांनी पाहिलं होतं.

“मी सांगतलं होतं ऑटोले हात लावू नको. लावलाच तूनं.”

“मी लावला तवा नाई जळली,” माय म्हणाली. “तुमचा ऑटो लावते तवा जळते. लाइन आली का चौदाई मोटरा एकदम उठतात. आपली उठत नाई, कन्हते. पाइपाले हात लावून पाहा तुमी, कळते.”

“कन्हते? बिमार हाय काय ते? डाक्टर बोलवू?” म्हणत मिस्त्री हसला. शेजारच्या शेतातले दोघे तमाशा पाहायला आले होते, तेही हसले. मायने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते, घरात विजेचं शिकलेली एकटीच. “ज्योते, तू हेच शिकून राह्यली न वं? भरलेली मोटर टाकली का येक डाव ये. लाइन यायच्या वक्ताले कान लाव पाइपाले, मंग सांग तुह्या बाबाले.”

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “माय, कानाचं कोनी मानत नाई. मी मोजून सांगते.”

तो तोरा मला आजही आठवतो. माझ्याकडे निळा बोर्ड होता, शिष्यवृत्तीतून घेतलेला. वर्गात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. एका मैत्रिणीने तिच्या भावाचा जुना लॅपटॉप दिला होता, ज्याची बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकायची. मोडक्या टेपरेकॉर्डरमधला लहान ट्रान्सफॉर्मर काढून मी एका फेजचा दाब बोर्डाला सोसेल इतका खाली आणला. हे सगळं मी नीट केलं, त्यात चूक नव्हती. चूक पुढे होती. प्रोग्रॅम मी पुस्तकातल्या नमुन्यावरून उतरवला. त्यात बोर्ड काही वेळ मोजायचा, त्याची सरासरी काढायचा, “लाइनचा दाब आत्ता इतका इतका व्होल्ट आहे” असं अख्खं वाक्य इंग्रजीत संगणकाला पाठवायचा, आणि मग एक सेकंद झोपायचा. उठायचा, मोजायचा, वाक्य बोलायचा, झोपायचा. बोलण्याचा वेग शहाण्णवशे. शहाण्णवशे म्हणजे सेकंदाला शहाण्णवशे ठोके. एका अक्षराला दहा ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला हजारभरही अक्षरं नाहीत. आणि वर ती एका सेकंदाची झोप. आमच्या सरांना मी विचारलंही होतं, वेग वाढवू का. सर म्हणाले, “सगळे शहाण्णवशेच ठेवतात. खेळण्यातला बोर्ड आहे तो, त्याच्याकडून किती अपेक्षा करशील?” मी मान डोलावली. मान डोलावायला मला फार छान यायचं.

नवी भरलेली मोटर बोअरमध्ये उतरली त्या आठवड्यात तीन सकाळी मी पेटीजवळ लॅपटॉप घेऊन बसले. दोनदा लाइन यायच्या आधीच बॅटरी संपली. तिसऱ्या दिवशी जमलं. दिवा लागला, शिवारभर मोटरी उठल्या, आमचीही उठली, पडद्यावर आकडे येत राहिले. दोनशे अठ्ठावीस. दोनशे एकतीस. मधे एक दोनशे अठरा. पुन्हा दोनशे तीस. माय पाइपावर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, “आयकलं? आत्ताच कन्हली.” मी पडद्यावरून नजर उचलली नाही. तिथे काही कण्हत नव्हतं.

संध्याकाळी बाबांना मी ते आकडे वहीत उतरवून दाखवले. बाबा मॅट्रिकपर्यंत शिकलेले, छापील किंवा ओळीत लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. जुनं वर्तमानपत्र चिकटवलेली भिंतसुद्धा ते उभ्याने वाचायचे. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, “म्हंजे लाइन बराबर हाय?”

“बराबर हाय.”

“मंग तुही माय म्हनते ते?”

चूल पेटलेली होती, माय भाकरी थापत होती, तव्यावर पहिली भाकर फुगत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. मी म्हणाले, “तिले भास होत आसन.”

भाकरी थापण्याचा आवाज थांबला नाही. एवढंच की ती मागे वळली नाही. थोड्या वेळाने बाबा उठले, तिच्याजवळ गेले आणि हात पुढे केला. मायने पिठाचे हात पदराला पुसले, कमरेचा छल्ला काढला, त्यातून पेटीची चाबी सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. कोणी आवाज चढवला नाही. त्या रात्री बेसन होतं मेथी टाकून, माझ्या आवडीचं. मी दोन भाकरी खाल्ल्या. हे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण खाल्ल्या.

पुढचे तीन महिने कसे होते ते सांगते. मोटर ऑटोवर. चाबी बाबांच्या खिशात, बाबा बाजारात. लाइन आली की मोटर आपोआप चालू, पण बंद कोण करणार? वाफे भरायचे, मायच्या डोळ्यांदेखत पाणी बांधावरून वाहायचं, सांबाराच्या कोवळ्या रोपांत उभं राहायचं, आणि ती कुलूपबंद पेटीसमोर उभी. फावड्याने ती इकडची माती तिकडे करून पाणी वळवायची, जिथे गरज नाही तिथे सोडून द्यायची. सांबाराचे चार वाफे पिवळे पडून सडले. बाबा संध्याकाळी येऊन म्हणायचे, “पानी वळवता येत नाई काय?” वीस वर्षं त्या शेताला पाणी देणारी बाई ती. कुठला वाफा किती पितो, कुठल्या कोपऱ्यात मुरतं, तिला पायांना कळायचं. ती निंबाखाली बसून जुड्या बांधायची. लाल दिवा लागला की मात्र तिचे हात थांबायचे आणि ती मान थोडी कलती करायची. मला ते दिसायचं आणि मला त्याचा राग यायचा. तिचाच राग यायचा, कारण ती अजून ऐकत होती.

मग एका दुपारी कॉलेजात दुसऱ्याच एका प्रयोगाला आम्हाला ऑसिलोस्कोप मिळाला, वर्षातून एकदा कपाटातून निघायचा तो. त्यात घरगुती लाइनची लाट दिसत होती, सेकंदाला पन्नास लाटा, गुळगुळीत. शेजारच्या खोलीत कोणीतरी ड्रिल मशीन चालू केलं, आणि ती लाट खाली बसली. क्षणभरच. दोन-चार लाटा बुटक्या झाल्या आणि पुन्हा सरळ. माझ्या मनात एकच विचार आला, की हे माझ्या बोर्डाला दिसलं असतं का? नसतं. तो झोपलेला असता. आणि जागा असता तरी सरासरीत ते पुसलं गेलं असतं, आणि उरलेला वेळ तो आपलं लांबलचक वाक्य बोलत बसला असता. मला आठवला तो एकटा दोनशे अठरा. तो खरा होता. बाकीचं मीच दडपलं होतं.

घरी येताना जीपमध्ये माझे कान तापले होते. सरांवर राग, पुस्तकावर राग, मिस्त्रीच्या हसण्यावर राग, बाबांच्या खिशावर राग. सगळे राग करून झाले आणि मग उरला तो फक्त माझ्यावरचा, आणि तो काही केल्या जाईना.

त्या आठवड्यात मी जे केलं ते रागानेच केलं. आधी ती झोप काढून टाकली. मग सरासरी. मग वाक्य, “लाइनचा दाब आत्ता” वगैरे सगळी नम्रता काढली, नुसता आकडा. तरी सेकंदाला जेमतेम दोनशे आकडे, म्हणजे एका लाटेला चार ठिपके, चार ठिपक्यांत कुठली लाट दिसणार? मग चिपचं माहितीपुस्तक सायबर कॅफेतून उतरवून आणलं आणि बसून वाचलं. त्यात कळलं की बोर्डाला बोलायचं जास्त झालं की तो बोलणं संपेपर्यंत अडून बसतो, आणि अडून बसलेला असताना मोजत नाही. म्हणजे वेग हीच दृष्टी होती. शहाण्णवशेचे एक लाख पंधरा हजार दोनशे केले. मग आकडा अक्षरांत पाठवणंही बंद केलं. तीन अंक आणि ओळ बदलायच्या खुणा मिळून पाच अक्षरं जातात, त्याऐवजी अख्खा आकडा एका बाइटमध्ये कोंबला. आता सेकंदाला नऊ हजार मोजमापं, लाटेला पावणेदोनशेच्या वर ठिपके. एवढं पुरे होतं. पण मला पुरे व्हायचं नव्हतं. बोर्डाच्या सोळा मेगाहर्ट्झच्या ठोक्याला एक लाख पंधरा हजारांनी नीट भाग जात नाही, दहा लाखांनी मात्र बरोबर जातो, हे वाचल्यावर मी दहा लाखच केले. सर म्हणाले होते खेळण्यातला बोर्ड.

आणि तरी माझा आता स्वतःच्या मोजण्यावर विश्वास उरला नव्हता. म्हणून आधी बोर्डाला नुसते शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत उजळणीसारखे आकडे म्हणायला लावले, पुन्हा पुन्हा, आणि लॅपटॉपवर एखादा गळतो का ते तपासलं. गळत होते! शंभर शंभरचे घोळके गळत होते. दोन दिवस मी बोर्डाला शिव्या दिल्या. दोष त्याचा नव्हता, लॅपटॉपचा होता. आलेला प्रत्येक आकडा पडद्यावर दाखवण्याच्या नादात त्याला पुढचे घ्यायला फुरसत नव्हती. दाखवणं बंद केलं. आले तसे गुपचूप फाइलमध्ये टाकायचे, बघायचं नंतर. एकही आकडा गळेना. उजळणी लाखो वेळा बिनचूक आली तेव्हा मी पेटीजवळ गेले.

चाबी मागावी लागली. बाबा म्हणाले, “पुन्हा कायले? झालं न मोजून?” मी म्हणाले, “माही चूक झाली होती.” त्यांनी चाबी दिली, संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप बंद ठेवून, बोट त्याच्या बटनावर ठेवून बसले. माय निंबाखाली. वीस मिनिटांची बॅटरी, आणि लाइन कधी येईल ते कोणालाच माहीत नाही. मायने माझ्याकडे न बघता म्हटलं, “आता लाव. खांबावरची ते चिमनी उडाली.” मी लावलं. मिनिटभरात दिवा लागला. चिमणीला कसं कळतं ते मला आजही माहीत नाही, आणि कदाचित नुसता योगायोगही असेल. मी तिला विचारलं नाही. मोजणं माझं काम, असं मला तेव्हाही वाटत होतं.

फाइलमधून मी लाट काढली. कामरगावच्या झेरॉक्सच्या दुकानात सहा कागदांवर छापली, ते कागद आडवे चिकटवले आणि घरी ओसरीत अंथरले. बाबा उकिडवे बसले. मी दाखवत गेले: हे बघा, इथे लाइन आली, पहिल्या दोन लाटा उंच. आणि इथून खाली. ही एक मोटर ओढते, ही दुसरी, ही एकदम चार. इथे दोनशे तीसची लाट एकशे तीसवर आली. याच वेळी आपला ऑटो मोटर चालू करतो. इतक्या दाबात मोटर फिरू शकत नाही, जागच्या जागी तापते. कोणाची तरी बंद पडते, दाब वाढतो, आपली एकदाची फिरते. रिले बांधलेला, त्यामुळे तिला कोणी थांबवत नाही. दिवसाला एकदा, रोज. “यालेच माय कन्हते म्हनत होती,” मी म्हणाले.

बाबा बराच वेळ त्या लाटेवर बोट फिरवत राहिले. ते वाईट माणूस नव्हते. चूक दिसली की मान्य करायचे, फक्त ती कागदावर दिसावी लागायची. संध्याकाळी त्यांनी ते कागद गुंडाळून काखेत मारले, डीपीवरच्या शेतकऱ्यांना पारावर गोळा केलं आणि लाट पसरून समजावलं. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं. पुढच्या आठवड्यापासून ज्याने त्याने आपापल्या पाळीने मोटर लावायची असं तिथे ठरलं. “माह्या पोरीनं शोधून काढलं,” ते म्हणाले. छाती फुगली होती त्यांची.

“मी नाई शोधलं,” मी म्हणाले. “मायनं सांगतलं होतं. तीन महिने झाले. तुमी दोघं तिथंच होते, हसले होते.” शेजारचे दोघे खाली बघू लागले. बाबा म्हणाले, “बरं बरं, आता सांगतलं आसन तिनं. पन दाखवलं तं तूनं न?” लोक उठायला लागले. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला समोर कोणी राहिलं नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी खिशातून चाबी काढली. माय तिथेच होती, भाजी निवडत. त्यांनी चाबी माझ्या हातावर ठेवली. माझ्या. “आजपासून मोटर तुह्याकडं. तुले समजते त्यातलं.”

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. “डोळे फुटले काय तुमचे, माय दिसत नाई काय,” एवढं आठवतं. बापाला असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. त्यांनी हात उगारला आणि तसाच खाली घेतला, आणि बाहेर निघून गेले. मी रडत रडत मायसमोर बसले आणि चाबी तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं ती मला जवळ घेईल. तिने चाबीकडे पाहिलं आणि भाजी निवडत राहिली.

“घे न माय.”

“मले कायले? कागद तुहा हाय.”

“माय, मी चुकली.”

तेव्हा तिने हातातली पालकाची जुडी खाली ठेवली. तिचा आवाज मी इतका कठीण कधी ऐकला नव्हता, पुढेही नाही. “तुह्या बाबानं मले खोटं म्हटलं, त्याची सवय हाय मले. माह्या मायनं म्हटलं आसतं तरी सोसलं आसतं. तुले मी म्हटलं होतं, येक डाव ये, कान लाव. येवढंच म्हटलं होतं. तू आली नाई. तूनं मशीन आनली. पह्यलीनं म्हटलं भास होते, तं मले भास होत होता. आता हे म्हनते कन्हते, तं माय खरी. अन् उद्या तिसरी आनशीन, ते काय म्हनन?”

मी चाबी पुन्हा उचलून घेतली.

दुसऱ्या दिवशी लाइन यायच्या आधी ती निंबाखाली बसली आणि मी पेटी उघडून ऑटोची वायर काढायला गेले. ती म्हणाली, “आजचा दिस राहू दे.” मग बोअरकडे बोट केलं. मला कळलं. मी गेले, ओल्या मातीत गुडघे टेकले आणि पाइपाला कान लावला. पाइप थंड होता, गंजाचा वास येत होता. दिवा लागला. आणि जमिनीच्या खालून, खूप खोलून, आवाज आला. घुर्रर नाही, गुरगुर नाही. ओझं उचलता न येणारं जनावर जसं दातखीळ बसल्यासारखं कण्हतं, तसा. एक, दोन, तीन सेकंद. मग कुठे ती फिरली. यात कळायला कठीण काही नव्हतं. कोणालाही ऐकू आलं असतं. मिस्त्रीला, बाबांना, वायरमनला, मला. सहा पावलं चालून येऊन वाकायचं होतं, बस.

मी उठले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मी लाल बटन दाबून मोटर बंद केली, ऑटोची वायर काढली, तांब्याची तार सोडवली. शिवारात बाकीच्या मोटरी चालू होत्या. माय जुडी बांधायला लागली. एक. दोन. मी पोत्याजवळ उभी. तीन. चार. पाच झाल्या तशी ती फडकं झटकून उठली आणि माझ्याकडे न बघता डावा हात पुढे केला. मी त्यावर चाबी ठेवली. तिने ती छल्ल्यात ओवली, मला पेटीसमोरून बाजूला सारलं आणि हिरवं बटन दाबलं.

आता तिला ऐकू कमी येतं. मागच्या खेपेला गेले तेव्हा मी तिच्यासाठी कानाचं यंत्र नेलं होतं, चांगलं, मी स्वतः तपासलेलं. तिने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, विचारलं, “हे बराबर आयकते काय वं? का तुह्या त्या पह्यल्या मशीनसारखं?” ती हसत नव्हती. मग ते डबीत परत ठेवलं, आणि लाइन आली तशी उठून पाइपावर हात ठेवायला गेली.